धार कोण लावणार?

रंधा मशीनमध्ये नेहमीची सरळ पाती ठेवायची की चौकोनी विडियाच्या तुकड्यांचं स्पायरल हेड बसवायचं, या एका प्रश्नावर आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून जूनपर्यंत वाद चालला. वाद तिघांचा. अकोल्याचे मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा मुलगा, माझा चुलत दादा, जो आता वर्कशॉप चालवतो. आणि तिसरा मी. मी पुण्यात बसून कोड लिहितो आणि हे हेड माझ्या बोनसमधून यायचं होतं, एवढ्या भांडवलावर मला या वादात जागा मिळाली होती.

ज्यांनी ही मशीन पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुतार दोन्ही हातांनी ढकलतो तो रंधा. त्याचंच पातं एका लोखंडी गोल ब्लॉकमध्ये बसवून मोटरने फिरवलं की झाली रंधा मशीन. आमच्याकडे अशा दोन आहेत. एक सरफेस: लांब बिडाचं टेबल, मधोमध फट, त्या फटीतून जेमतेम डोकावणारा फिरता ब्लॉक. फळी हाताने त्याच्यावरून सरकवायची, की तिची खालची बाजू सपाट होते. दुसरी थिकनेस: इथे ब्लॉक वर आणि टेबल खाली. फळी तोंडाशी दिली की रोलर तिला ओढून घेतात आणि पलीकडून ती सारख्या जाडीची होऊन बाहेर येते. आधी सरफेस, मग थिकनेस. क्रम उलटा केला तर वाकडी फळी आत जाते आणि सगळीकडे सारख्या जाडीची वाकडी फळी बाहेर येते. मोठे बाबा हे वाक्य गिऱ्हाईकांना ऐकवतात तेव्हा ते फक्त फळीबद्दल बोलत नसतात असा मला संशय आहे.

दोन्ही मशीनचे ब्लॉक बारा इंची, तीन इंच व्यासाचे. प्रत्येकात तीन सरळ पाती. पाती हायस्पीड स्टीलची, दुकानदार ज्याला 'एचएसएस अठरा टक्के' म्हणून देतात ती. हे अठरा टक्के टंगस्टनचे. मोटर चालू झाली की ब्लॉक मिनिटाला पाच हजार फेरे घेतो. तीन पाती धरली तर सेकंदाला २५० वार. ती एकसुरी किंचाळी मशीनची असते असं मला लहानपणी वाटायचं. नुसतीच फिरतानासुद्धा पात्याची अख्खी बारा इंची धार टेबलाच्या कडेजवळून एकदम जाते, तेव्हा ती हवेलाच थप्पड मारत असते. सायरनचं तत्त्व आणि हे तत्त्व एकच.

माझा मुद्दा सुरुवातीला आवाजाचाच होता. दिवाळीत अमरावतीला घरी आलो की एक दिवस अकोल्याला जायचं, हा नियम. पूर्वी या नियमाचा धसका असे, कारण रस्ता. अमरावती-अकोला महामार्ग कित्येक वर्षं असा होता की माणूस बसमधून उतरला की आधी स्वतःचे सांधे मोजायचा. मग जून २०२२ मध्ये त्याच रस्त्यावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम झाला. वऱ्हाडात काम होत नाही तेव्हा होतच नाही आणि झालं की गिनीज बुकात जातं. तर गेल्या दिवाळीत मी वर्कशॉपमध्ये उभा राहून फोनवरच्या ॲपने आवाज मोजला. थिकनेसवर सागवानाची फळी चालली होती आणि आकडा ९७ डेसिबल. फोनचा माइक काही प्रयोगशाळेतला नसतो हे मान्य. पण कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० आहे, आणि डेसिबलचं गणित असं की तीनने आकडा वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. मोठ्या बाबांना डाव्या कानाने आता फारसं ऐकू येत नाही. दादा चाळिशीचा आहे आणि फोन नेहमी स्पीकरवर ठेवतो. हाताखालचा मुलगा एकोणीस वर्षांचा.

पुण्याला परतल्यावर मी वाचायला बसलो.

स्पायरल किंवा हेलिकल हेडमध्ये लांब पातं नसतंच. ब्लॉकच्या अंगावर गोल जिन्यासारख्या ओळींत पन्नासेक छोटे चौकोनी तुकडे स्क्रूने आवळलेले असतात, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढा. तुकडा टंगस्टन कार्बाइडचा. त्याला आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये सगळे 'विडिया' म्हणतात. हा शब्द कुठून आला ते मला या निमित्ताने कळलं. जर्मनीतल्या क्रुप कंपनीने १९२६ मध्ये हा कठीण मिश्रधातू बाजारात आणला तेव्हा त्याला नाव दिलं 'विडिया', 'वी डियामांट' म्हणजे हिऱ्यासारखा या शब्दांवरून. अकोल्याच्या एमआयडीसीतला लेथवाला रोज दहा वेळा जर्मन बोलतो आणि त्याला ते माहीत नाही. मलाही नव्हतं.

या तुकड्याला चार बाजू, म्हणून चार धारा. एक बोथट झाली की स्क्रू ढिला करायचा, तुकडा पाव फेरा फिरवायचा, पुन्हा आवळायचा. चारही संपल्या की नवा तुकडा. तुकडे एकाच वेळी लाकडाला लागत नाहीत, एकामागून एक लागतात. त्यामुळे ती हवेला बसणारी थप्पड पन्नास बारीक टिचक्यांत वाटली जाते आणि किंचाळीची घरघर होते. स्पायरल आणि हेलिकल यांत एक फरक आहे, जो विकणारे मुद्दाम धूसर ठेवतात. साध्या स्पायरलमध्ये तुकड्यांची मांडणी तिरकी असते पण प्रत्येक तुकड्याची धार लाकडाला सरळच भिडते. खऱ्या हेलिकलमध्ये प्रत्येक तुकडाही किंचित तिरका बसवलेला असतो, म्हणून तो विळ्यासारखा सरकत कापतो. उलट्या रेषेचं लाकूड, गाठीभोवतालचं लाकूड अशा ठिकाणी सरळ पातं तंतू उपटून काढतं. तिथे हा तिरकेपणा कामाला येतो.

आता उलट बाजू, कारण मी काही हेड विकायला बसलेलो नाही. कार्बाइडची धार नव्या एचएसएसइतकी बारीक करता येत नाही. दगडावर नुकतं लावलेलं एचएसएसचं पातं पहिल्या काही फळ्यांवर जी तकतकी देतं ती विडिया देत नाही. विडिया ती 'बऱ्यापैकी' चमक फार फार काळ देत राहतं. शिवाय तुकड्यांच्या धारा मुद्दामच किंचित फुगीर असतात, कोपरे लाकडात रुतू नयेत म्हणून. त्यामुळे फळीवर लांबीच्या दिशेने अगदी पुसट पट्टे उमटतात. तिरप्या उजेडात दिसतात, पॉलिश पेपरने जातात. रुंद फळीला मोटरवर भारही जास्त येतो. आमची मोटर आधीच व्होल्टेज पडलं की रडते.

लाटांचं गणित मात्र मला फार आवडलं, म्हणून इथे मांडतोच. मशीनचा रंधा लाकूड सपाट कापत नाही. प्रत्येक वार म्हणजे एक उथळ खळगा, आणि फळी म्हणजे खळग्यांची रांग. थिकनेसचे रोलर मिनिटाला ८ मीटर फळी ओढतात. तीन पात्यांचे मिनिटाला १५ हजार वार, म्हणजे दोन वारांत अर्धा मिलिमीटर अंतर, आणि लाटेची उंची मिलिमीटरचा हजारावा भाग. हे कागदावर. प्रत्यक्षात तिन्ही पाती केसभरही पुढेमागे नसतील असं होत नाही. जे पातं सगळ्यांत बाहेर ते शेवटचा वार करतं, बाकीची दोन नुसती मदतीला. मग अंतर होतं १.६ मिलिमीटर आणि लाट एकदम नऊ पट उंच. म्हणजे फळीवर दिसणाऱ्या त्या आडव्या रेघा पात्यांची संख्या सांगत नाहीत. पाती बसवणाऱ्याचा हात सांगतात.

आमच्या फळ्यांवर त्या रेघा फार कमी दिसतात. हे माझ्या युक्तिवादाच्या विरोधात जाणारं निरीक्षण होतं. ते मी काही दिवस कोणाला सांगितलं नाही.

दादाचा मुद्दा वेगळा होता: लाकूड. आमच्याकडे दोन प्रकारचं येतं. एक परतवाड्याच्या डेपोवरून लिलावात निघालेलं मेळघाटचं सागवान, व्यापाऱ्यांच्या हातून फिरत येतं. मेळघाट १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तरी परतवाड्याचं नाव सुतारांच्या तोंडात अजून लाकडासाठीच आहे. सागवानाला वाळवी लागत नाही, तेल असतं, वगैरे कौतुक सगळ्यांना माहीत असतं. पात्याच्या बाजूने कोणी बोलत नाही. सागवानाच्या अंगात सिलिका असते, म्हणजे वाळूच. झाड ती जमिनीतून शोषून घेऊन लाकडात साठवतं. एचएसएसची धार तिच्यावर घासून घासून मरते. कडुनिंब किंवा आंब्याचं लाकूड रंधताना जे पातं दोन आठवडे चालेल ते सागवानावर त्याच्या निम्म्यातही बसतं.

दुसरं लाकूड जुनं. अकोल्याच्या जुन्या शहरातून, अचलपूर-मूर्तिजापूरकडच्या पाडलेल्या वाड्यांतून तुळया, खांब, चौकटी येतात. शंभर वर्षं वाळलेलं सागवान, आता तसं मिळत नाही. त्याचे डायनिंग टेबल पुण्यामुंबईचे लोक हौसेने घेतात, मी स्वतः दोन गिऱ्हाईकं मिळवून दिली आहेत. पण त्या तुळयांत खिळे असतात. दिसणारे उपटता येतात. वरून तुटलेला, गंजून लाकडाच्या रंगाचा झालेला, आत इंचभर दडलेला खिळा मात्र कोणालाच दिसत नाही. दादा आधी चुंबक फिरवतो, मग हातातला मेटल डिटेक्टर, तरी महिन्यातून एकदा तो खणकन आवाज होतोच. सरळ पात्यांच्या ब्लॉकला खिळा लागला की तिन्ही पात्यांना एकाच जागी दाता पडतो आणि प्रत्येक फळीवर एक उंच रेघ उमटू लागते. त्यावर जुना उपाय आहे: एक पातं अर्धा मिलिमीटर आडवं सरकवायचं, म्हणजे एकाचा दाता दुसरं झाकतं. पण दाता मोठा असेल तर तिन्ही पाती काढून घासायची, आणि बारा इंची धारीवरून दात्याच्या खोलीएवढं पोलाद उडवायचं. विडियाचा तुकडा ठिसूळ असतो. खिळ्याने त्याचा टवका उडतो. पण उडतो तो एकाचा, फार तर तिघांचा. ते फिरवले की काम चालू.

'जुन्या लाकडाले तं विडियाच पाह्यजे,' हे दादाचं म्हणणं. तो हे बापासमोर मात्र म्हणत नव्हता. माझ्यामार्फत म्हणवून घेत होता.

कोटेशन मागवलं. एका विक्रेत्याने जो आकडा दिला तो दादाच्या सेकंडहँड बाइकहून मोठा होता, आणि हा एकाच हेडचा. आमची मशीन गुजरातेतून आलेली, बरीच जुनी. तिच्या ब्लॉकचा शाफ्ट, बेअरिंगची जागा, पुलीची चावी यांतलं काहीही तयार हेडशी जुळत नाही. युरोप-अमेरिकेतला हौशी सुतार कॅटलॉगमध्ये स्वतःच्या मशीनचा मॉडेल नंबर शोधतो आणि हेड मागवतो. आपल्याकडे आधी जुना ब्लॉक बाहेर काढून कॅलिपरने मोजायचा, नकाशा पाठवायचा, आणि प्रार्थना. यात चूक परवडत नाही, कारण वेग. साधं उदाहरण: आमचं एक पातं सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. पाच हजार फेऱ्यांना ते स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ हजारपट जोराने बाहेर पळू पाहतं, म्हणजे सव्वादोनशे किलो. ते धरून ठेवते एक पाचर आणि तिच्यामागचे पाच-सहा बोल्ट. शाफ्ट केसभर वाकडा, एक बाजू थोडी जड, एवढ्यानेही बेअरिंग महिन्याभरात गाऊ लागतात.

मोठ्या बाबांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं अर्धीच आहेत. १९९४ ची गोष्ट. तेव्हा ते दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला होते आणि तिथल्या सरफेसचा ब्लॉक चौकोनी होता.

आता कुठे दिसत नाही, पण जुन्या मशीनचे ब्लॉक असेच असत: एक चौकोनी लोखंडी दांडा, त्याच्या बाजूंवर बोल्टने ठोकलेली पाती. फिरत्या कटरने लाकूड रंधण्याची कल्पना सॅम्युअल बेंथमच्या १७९३ च्या पेटंटमध्ये आहे. अमेरिकेत विल्यम वुडवर्थने १८२८ मध्ये आपल्या मशीनचं पेटंट घेतलं आणि मुदतवाढी घेत १८५६ पर्यंत देशभरच्या गिरण्यांकडून त्याची वसुली चालली. एवढ्या काळात वेग वाढला, पेटंटचे खटले झाले, ब्लॉकचा आकार मात्र चौकोनीच राहिला. चौकोन फिरताना त्याचा कोपरा टेबलाजवळ येतो आणि सपाट बाजू दूर जाते. त्या क्षणी तिथे एक खोबण उघडते. बोट तिच्यात पडतं आणि पुढचा कोपरा त्याला खाली घेऊन जातो. गोल ब्लॉकमध्ये ही खोबण नसते. पातं मिलिमीटरभर बाहेर, बाकी सगळी गोलाई भरलेली. हात लागला तर इजा होतेच, पण कातडी आणि नख जातं, पेर वाचण्याची शक्यता असते. ब्रिटनने १९२२ च्या नियमांत हाताने लाकूड सरकवायच्या रंधा मशीनला गोल ब्लॉक सक्तीचा केला. आपल्याकडच्या राज्यांच्या कारखाना नियमांतही तशी तरतूद आली, वरून पुलासारखं गार्ड हवं हेही आलं. पण १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या मूळ व्याख्येत वीज असेल तर निदान दहा कामगार असावे लागत. मोठे बाबा होते तिथे सहा जण होते. आज आमच्याकडे तीन आहेत. ज्या जागी बोटं सगळ्यांत जास्त जात असतील त्या जागा कायद्याच्या लेखी कारखानाच नाहीत.

हे सगळं वाचून मी फोनवर दादाला म्हणालो की सरफेसलाच स्पायरल बसवू, तिथेच हात असतात. दादाने विचारलं, त्याने बोट वाचेल का? मी पुन्हा वाचलं. उत्तर सरळ होतं: हेडने बोट वाचत नाही, गार्डने वाचतं. युरोपच्या मानकांत हाताने लाकूड देण्याच्या कटरवर 'मॅन' असा शिक्का असतो आणि धार अंगाबाहेर १.१ मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ नये अशी अट असते. पण ती अट नीट बसवलेलं सरळ पातंही पाळतं. बोथट पातं हा खरा धोका, कारण मग फळी जोर लावून ढकलावी लागते आणि जोर लावलेला हात सुटतो. आणि पाती बोथट केव्हा राहतात? धार लावायचा कंटाळा केला की.

आमच्याकडे तो कंटाळा कधी झाला नाही, कारण मोठे बाबा.

अपघातानंतर त्यांनी मशीनवर उभं राहणं हळूहळू सोडलं. आता सत्तरीत आहेत. लाकूड उचलवत नाही, गिऱ्हाइकाशी बोलताना अर्धं ऐकू येत नाही. पण दर रविवारी सकाळी वर्कशॉप बंद असतं तेव्हा ते एकटे जातात, सहाही पाती काढतात, ग्राइंडिंगच्या जिगमध्ये धार लावतात, मग तेलाच्या दगडावर हाताने फिरवतात, आणि परत बसवतात. तीन-साडेतीन तास. मोठी आई डबा पाठवते. गेल्या डिसेंबरात मी खास त्यासाठी एका रविवारी गेलो आणि बसून पाहिलं.

पातं बसवायला त्यांच्याकडे डायल गेज नाही. मी ऑनलाइन मागवून दिलेला आहे, तो डब्यात आहे. त्यांच्याकडे आहे सागवानाची एक सरळ पट्टी, वीतभर, दोन खुणा केलेली. पट्टी सरफेसच्या मागच्या टेबलावर ठेवायची, टोक ब्लॉकवर येऊ द्यायचं. ब्लॉक हाताने सावकाश फिरवायचा. पात्याची धार पट्टीला खालून स्पर्श करते, तिला थोडी उचलते, पुढे नेते आणि सोडते. पट्टी किती पुढे गेली ते पाहायचं. पात्याच्या डाव्या टोकाला, मग मधे, मग उजव्या टोकाला. तिन्हीकडे सारखीच सरकली पाहिजे. मग पुढचं पातं.

'किती सरकायला पाहिजे?' मी विचारलं.

'एक सूत.'

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरांहून थोडं जास्त. मी तिथेच फोनवर गणित केलं. ७५ मिलिमीटर व्यासाच्या ब्लॉकवर पातं टेबलाच्या पातळीच्या ०.०३ मिलिमीटर वर असेल तर पट्टी बरोबर तीन मिलिमीटर सरकते. चार सरकली तर पातं ०.०५ वर आहे. म्हणजे ही पट्टी उंचीतला फरक कितीतरी पटींनी मोठा करून डोळ्यासमोर मांडते, आणि हा म्हातारा चष्म्याशिवाय मिलिमीटरचे शंभरावे भाग वाचत बसला होता. फळ्यांवर रेघा का दिसत नाहीत याचं उत्तर समोर होतं. मी त्यांना ते गणित समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'मंग बरोबरच हाय ना थे.'

मग मी हेडचा विषय काढला. तुकडे दाखवले फोनवर. फिरवायचे कसे, चार धारा कशा, सेट करावंच लागत नाही, बसवला की बसला.

'अन् चारी बाजू बसल्या की?'

'नवा लावायचा.'

'फेकाचा?'

'हो. त्याला आपल्या दगडावर धार लागत नाही. डायमंडचं चाक लागतं, आणि ते करून परवडत नाही.'

त्यांनी पातं पुसलं, तेल लावलं, कागदात ठेवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं डाव्या कानाच्या बाजूने बोललो. मग म्हणाले, 'मंग ऐतवारी मी काय करू?'

माझ्या स्प्रेडशीटमध्ये धार लावण्याचा खर्च होता. रविवारचे तीन तास, गुणिले मजुरी. तो आकडा स्पायरल हेडच्या बाजूने जात होता, कारण ते वाचणार होते. मी कामावर जे करतो तेही बऱ्यापैकी हेच आहे: कोणीतरी हाताने करतंय ते शोधायचं आणि ते करावं लागणार नाही अशी व्यवस्था करायची. एरवी त्या माणसाचा रविवार मला दिसत नाही.

भावनेच्या भरात मी हेड रद्द करा म्हणालो असं झालं नाही, हे सांगितलं पाहिजे. तो एकोणीस वर्षांचा मुलगा रोज आठ तास त्या आवाजात उभा असतो, आणि म्हाताऱ्याच्या रविवारची किंमत त्याच्या कानांनी का द्यायची? शिवाय मोठे बाबा आणखी किती वर्षं बसवणार पाती? दादाला पट्टीने सेट करता येतं, पण तो घाईत असतो, त्याच्या हातून एक सूत कधी दीड सूत होतं. जानेवारीत मोठ्या बाबांना मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं तेव्हा दोन आठवडे धार लागलीच नाही, आणि थिकनेसमधून निघालेल्या फळ्यांवर मला फोटोतही रेघा मोजता आल्या.

मधल्या वाटाही होत्या. सरळच पाती, पण धारेला विडिया डाखलेली: महाग, खिळ्याला घाबरणारी, आणि धार पुन्हा बाहेरूनच लावून आणायची. किंवा टर्सा नावाची पद्धत, जिथे दोन्हीकडून धार असलेलं पातळ पातं खाचेत सरकवायचं आणि ब्लॉक फिरला की ते फिरण्याच्याच जोराने घट्ट बसतं. हुशार आहे. पण पाती मागवावी लागतात, आणि आवाज तोच.

निर्णय शेवटी मोठ्या बाबांनीच दिला, मार्चमध्ये, डोळ्याची पट्टी निघाल्यावर. मी फोनवर होतो, दादाने स्पीकर लावला होता. ते म्हणाले, 'थिकनेसले लावा तुह्यं विडिया. आवाज थिचाच हाय, खिळेबी थिथंच लागतात. सरफेसले हात लावू नका.'

विचार केला तर तांत्रिकदृष्ट्याही हेच बरोबर आहे. थिकनेस दिवसभर चालते, आवाज तिचा जास्त, मोठा काप तिचा, आणि तिच्यात पाती सेट करणं सगळ्यांत अवघड, कारण ब्लॉक वर अडचणीत असतो आणि पट्टीची युक्ती तिथे चालत नाही. सरफेसवर फळी दोन-तीन हात मारून पुढे जाते. तिला बारीक, ताजी धार हवी, म्हणजे हलक्या हाताने सरकवता येतं. एचएसएस तिथे शोभतं. फक्त एक अट मी घातली, आणि ती पैशांच्या जोरावर घातली हे कबूल: सरफेसवर पुलाचं गार्ड बसणार आणि कोणी ते काढून भिंतीला टांगणार नाही. दादा कुरकुरला. मोठ्या बाबांनी नुसता उजवा हात टेबलावर ठेवला.

हेड मे महिन्यात आलं. एमआयडीसीतल्या लेथवाल्याने शाफ्ट आमच्या बेअरिंगला उतरवून दिला, दोन चकरा झाल्या, पुलीची चावी पुन्हा कापावी लागली. ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याखाली दादा आणि मी दीड दिवस ते बसवत होतो. मुलाला एक गोष्ट दहा वेळा सांगितली: तुकडा फिरवताना त्याच्या खालची जागा ब्रशने आणि थिनरने स्वच्छ करायची. सागवानाच्या तेलाचा आणि भुशाचा पापुद्रा खाली राहिला तर तुकडा तेवढा वर बसतो, फळीवर त्याची एकट्याची रेघ येते, आणि वाकडा आवळला तर तडकतो. स्क्रू टॉर्क रेंचने, हाताच्या अंदाजाने नाही. हे सांगताना माझ्या आवाजात एक सूत सांगणाऱ्याचा थाट आला होता, असं दादाचं मत.

चालू केलं तेव्हा ॲपवर आकडा ८६ होता, लाकूड नसताना त्याहून बराच खाली. अचलपूरच्या एका तुळईची फळी घातली. उलट्या रेषेचा भाग होता तिथे तंतू उपटले नाहीत. पुसट पट्टे होते, मी तिरपा उजेड टाकून दाखवले, बाकी कोणाला काही वाटलं नाही.

नवीन अडचण तिसऱ्या दिवशी कळली. मोटर बंद केली तरी हेड अर्धा-पाऊण मिनिट फिरत राहतं. पूर्वी ती किंचाळी उतरत उतरत यायची, सगळ्यांना न पाहता कळायचं की अजून थांबलेलं नाही. आता आवाजच नाही. मुलगा अडकलेली ढलपी काढायला झाकण उघडून हात घालत होता आणि दादाने मागून कॉलर धरून ओढला. पुण्यात मला हे रात्री फोनवर कळलं तेव्हा माझ्या वाचनात याचा उल्लेख कुठे आला होता का ते मी शोधत बसलो.

त्याच रविवारी मोठ्या बाबांनी पांढऱ्या ऑइलपेंटने पुलीवर एक जाड पट्टा ओढला, जाळीच्या गार्डमधून दिसेल असा. मुलाला समोर उभं केलं. 'पट्टा दिसला तं हात घाल. नाही दिसला तं बस थिथंच.' त्यांना स्वतःला गेली दहा वर्षं ती किंचाळी नीट ऐकू येत नव्हती. ते मशीन थांबली की नाही हे कशावरून ओळखत होते हे दादाने तेव्हा पहिल्यांदा विचारलं. टेबलाच्या कडेला टेकवलेल्या डाव्या तळव्यावरून, असं निघालं.

पट्टा दर काही आठवड्यांनी पुन्हा रंगवावा लागतो, तेलकट भुसा बसून तो पिवळा पडतो. सरफेसची तीन पाती संपली की मोठे बाबा रविवारी तेही करतात.